काढता येणारं कार्पेट

“चिकटवायचं नाही, खिळे मारायचे नाहीत, आणि मनात आलं की मला एकटीला उचलता आलं पाहिजे.” कार्पेटच्या दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या मी हे तीनदा सांगितलं. बेंगळुरूला राजाजीनगरात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे ते दुकान आहे. दुकानदार भला माणूस. “सरी अक्का, सरी,” असं कानडीत बरं-बरं म्हणत त्याने मला स्टूल पुढे केलं. मला बसायचं नव्हतं. दोन दिवसांपूर्वी माझे वडील सांडलेल्या दुधावरून घसरून फरशीवर आडवे पडलेले मी पाहिले होते, आणि तेच डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

वडिलांना मी अण्णा म्हणायचे. मल्लेश्वरमला एका कापडाच्या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं काउंटरमागे उभं राहून काढली. काचबिंदूने आधी एक डोळा गेला, मग दुसरा. शेवटी शेवटी दिवस आहे की रात्र, एवढंच कळायचं. तरी आई होती तोवर दोघं तिकडे आपल्या जुन्या घरात खुशाल होती. आई गेली आणि मी त्यांना आमच्याकडे आणलं. आणलं म्हणते खरी, पण त्यासाठी तीन महिने भांडले. आमच्यासारख्या, पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत राहिलेल्या मराठी घरांतून काही जुनी खुळं अजून शाबूत आहेत. पुण्यामुंबईहून नोकरीसाठी आलेली हल्लीची मुलं ऐकून हसतात. लेकीच्या घरी राहायचं नाही, हे त्यातलं एक. माझं लग्न झाल्यावर अण्णा आमच्याकडे यायचे तेव्हा पाण्याच्या भांड्यालाही हात लावायचे नाहीत. मला मुलगा झाला, तेव्हा कुठे पहिल्यांदा पानावर बसले. मी एकुलती एक. त्यांना मुलगा नाही, सून नाही, तर जाणार कुठे हा माणूस? पण नाही. हट्ट म्हणजे हट्ट.

शेवटी आले ते स्वतःची अट घालून. “मी खालच्या खोलीत राहीन. तुमच्या संसारात मध्ये नको.”

आमची गल्ली उताराची आहे. त्यामुळे ही खोली पुढून पाहिली तर जमिनीच्या खाली आणि मागून पाहिली तर अंगणाच्या बरोबरीने. आम्ही तिला बेसमेंट म्हणतो, पण मागच्या दाराने सकाळचं ऊन आत येतं. तिथे टाइल्स आहेत, दोन बाय दोनच्या. त्या बसवणाऱ्या मिस्त्रीशी माझं कडाक्याचं वाजलं होतं. मेल्याने सांधे नको तेवढे रुंद ठेवलेले, आणि एक कड वर तर एक खाली. अनवाणी चाललं की प्रत्येक सांधा तळपायाला लागायचा. “ही फरशी आहे की नांगरलेलं शेत?” असं मी त्याला सुनावलं होतं. आमचे हे म्हणाले, जाऊ दे, खालचीच तर खोली आहे. म्हणून राहून गेलं.

अण्णांनी आठवडाभरात ती खोली आपलीशी केली. खाट, बाथरूम, मागचं दार आणि कोपऱ्यातला ओटा. ओट्यावर मी त्यांना लहानशी इंडक्शन शेगडी मांडून दिली आणि चालू करायच्या बटणावर माझी एक टिकली चिकटवली, बोटाला सापडावी म्हणून. बाजूला पितळेचा कॉफीचा फिल्टर, आईचा. रोज सकाळी मी खाली उतरायचे तेव्हा दोन पेले तयार असायचे. एक त्यांचा, एक माझा. माझ्या पेल्यात साखर जास्त. मी त्यांना जेवू घालत होते, धुणं करत होते, औषधं आणत होते, पण ती सकाळची कॉफी मात्र ते मला पाजायचे. त्यांच्या लेखी तेवढी एक गोष्ट त्यांनी मला द्यायची होती. त्या कॉफीसाठी ते लेकीच्या घरी मान वर करून राहिले, असं मला आज वाटतं.

चालायचे मात्र विचित्र. पाय उचलायचे नाहीत, घासत घासत पुढे सरकवायचे. चप्पल तर घालायचेच नाहीत. थंडीत टाचा काळ्यानिळ्या पडायच्या. मी मोजे आणले, फरच्या सपाता आणल्या. सगळं खाटेखाली तसंच. “अण्णा, पाय उचलून टाका की! लहान मूल आहात का?” मी ओरडायचे. ते म्हणायचे, “बरं बरं.” आणि पुन्हा घासत निघायचे. बापाचा हा हट्टीपणा मला चांगलाच माहीत होता, म्हणून मी फार खोलात गेले नाही. गेले असते तर बरं झालं असतं.

मग तो दुधाचा प्रकार झाला. पातेलं कलंडलं, पाय सटकला. नशीब म्हणून हाड मोडलं नाही, नुसता कमरेला मार बसला.  तिथल्या तिथे ठरवलं, खोलीभर कार्पेट घालायचं. पडलेच तरी मऊ लागेल, पाय गार पडणार नाहीत. आमचे हे म्हणाले, “त्यापेक्षा जमखाना अंथर ना एखादा, घरात दोन पडलेत.” म्हटलं, “आणि त्याच्या कडेत पाय अडकून पुन्हा पडू देत? काय शहाणपण आहे!” 

काढता येणारं हवं होतं, कारण मागच्या अंगणात जमिनीखालची पाण्याची टाकी आहे, आमचा संप. एकदा तो भरून वाहिला होता आणि दाराखालून पाणी आत शिरलं होतं. चिकटवलेलं कार्पेट भिजलं की सडणार, वास मारणार. दुकानदाराने मग चौकोनी तुकड्यांचं कार्पेट दाखवलं. मागे रबर असतं. एकाला एक खेटून नुसतं मांडत जायचं. भिजलं तर तेवढे तुकडे उचलायचे, उन्हात टाकायचे. “दहा मिनिटांत सगळं निघतं अक्का,” तो म्हणाला. मला तेच हवं होतं. त्याने नमुन्याचे पाच तुकडे पिशवीत घालून दिले, वहीच्या पानाएवढे. घरी दाखवा, मग सांगा.

संध्याकाळी मी ते पाचही अण्णांच्या मांडीवर ठेवले. किती दिवसांनी त्यांचा चेहरा तसा फुलला होता! दुकानातले अण्णा परत आले. एकेक तुकडा उचलायचा, अंगठा आणि तर्जनी यांत धरून चोळायचा, उलट्या बाजूने नख फिरवायचं, नाकाशी न्यायचा. “हा नायलॉन. हा नाही टिकायचा, वर्षात केस गळतील याचे. हा बरा आहे. याचा रंग कोणता गं?” मी म्हटलं, विटकरी. “विटकरी चांगला, मळ दिसत नाही.” आम्ही दोघं तासभर हसत होतो. आईच्या मागे इतकं हसल्याचं मला आठवत नाही.

शेवटी त्यांनी एक बाजूला काढला. सगळ्यात पातळ, राखाडी, कापडाच्या जाड पट्टीसारखा. त्यावर लव म्हणून नाही. “हा घे,” म्हणाले.

“हा? अहो, हा तर सगळ्यात हलका! ऑफिसात पायपुसण्याला घालतात असला. यात काय ऊब येणार?”

“येते की. स्वल्प पातळ आहे, एवढंच. मला हाच आवडला.”

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझं पित्त खवळलं. मला वाटलं, झालं, आला लेकीच्या घरचा संकोच आडवा! सगळ्यात स्वस्त तेवढं निवडायचं. जावयाला तोशीस पडायला नको. ताटात भाजी वाढली तरी “पुरे पुरे”, नवा सदरा आणला तरी “कशाला उगाच”. जन्मभर लोकांना उत्तमातलं उत्तम कापड दाखवलेला माणूस, आणि स्वतःसाठी मागणार हे! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, “अण्णा, मी तुमची मुलगी आहे. तुम्हाला पायाखाली चांगलं घालायची माझी ऐपत आहे. उगाच भीड नको.”

त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होते. मग म्हणाले, “बरं. तुला पटेल ते घे.”

मी सगळ्यात जाड घेतलं. विटकरी, दाट लव असलेलं, बोट ठेवलं की बोट रुतावं असं. नमुने परत करायला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, चारच आहेत, एक कमी आहे. मी त्याच्यावरच उखडले. “तुम्हीच चार दिले असतील! तुमचे तुकडे घरी ठेवून मी काय त्यांचं लोणचं घालू?” बिचारा कानकोंडा झाला. “होगली बिडी अक्का,” म्हणाला, जाऊ द्या, एका तुकड्याचं काय एवढं.

रविवारी आमच्या ह्यांनी गुडघ्यांवर बसून सगळे तुकडे मांडले. जावयाने स्वतः खपून केलं म्हणून अण्णा सारखे “असू द्या, असू द्या” करत होते. मांडून झाल्यावर मी त्यांचे पाय खाली ठेवले. पावलं लवेत बुडाली. “कसं वाटतंय?”

“मऊ आहे,” ते म्हणाले. “छान आहे हो. गादीवर चालल्यासारखं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर कॉफी नव्हती. “आज पित्त झालंय,” म्हणाले. तिसऱ्या दिवशीही पित्त. मग म्हणाले, कॉफी सोडलीच मी, झेपत नाही या वयात. मी वरून करून आणायला लागले, तर ती मात्र प्यायचे. तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला वाटलं, पडल्यापासून भीती बसली आहे. मागच्या दाराशी उन्हात बसणं बंद झालं. पाणी पिणं कमी झालं. का, ते मला फार नंतर कळलं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, आणि जायचं तर मला हाक मारावी लागते. लेकीला अशा कामासाठी हाक मारायची त्यांना लाज वाटायची. म्हणून ते दिवसदिवस तहानलेले बसून राहायचे. माझ्या घरात. मी वरच्या मजल्यावर असताना.

आणि मी काय केलं? मी बोलले त्यांना. एकदा नाही, पुष्कळदा. “किती आळशी झालात अण्णा! राजासारखं कार्पेट घातलंय, तर चालायला नको का? अशाने पाय जातील हं कामातून.” ते हसायचे. खाटेच्या कडेला बसलेले असायचे, पाय कार्पेटवर टेकलेले आणि अंगठ्याने लव इकडेतिकडे चाळवत राहायचे. काहीतरी शोधत असल्यासारखे. मला वाटायचं, चाळा आहे. पाच महिने असे गेले. डॉक्टरांनी मांड्या चाचपून सांगितलं की यांचे स्नायू वाळत चाललेत, यांना चालवा. मी घरी येऊन तेच पुन्हा त्यांच्यावर ओरडून सांगितलं.

आमच्याकडे कावेरीचं पाणी एक दिवसाआड येतं. संपाचा नळ सोडायचा आणि भरला की बंद करायचा, हे काम ह्यांचं. एका सकाळी ह्यांना कोणाचा तरी फोन आला आणि नळ राहिला. मी खाली गेले तर मागच्या दारातून पाणी आत येत होतं, कार्पेट निम्म्यापर्यंत काळं पडलेलं. मी बोंब मारली, तसे हे धावत खाली आले. अण्णांना म्हटलं, “पाय वर घ्या, खाली ठेवायचे नाहीत.” आम्ही दोघांनी भराभरा तुकडे उपटले आणि अंगणात नेऊन टाकले. दुकानदार खोटं बोलला नव्हता. दहा मिनिटांत खोली रिकामी झाली. मी फरशी पुसून कोरडी केली, बादली बाहेर ओतली आणि वळले.

अण्णा उठून उभे होते. खाटेचा दांडा एका हाताने धरलेला. उजवं पाऊल त्यांनी फरशीवरून हळूच पुढे सरकवलं, अंगठा सांध्यावर आला आणि थांबला. अंगठ्याने त्यांनी तो सांधा एकदा चाचपला. “एक,” म्हणाले. मग डावा पाय ओढून आणला. दांडा सोडला. “दोन.” चेहरा असा की देवळात गाभाऱ्यासमोर उभे आहेत. “तीन.”

मी बादली तिथेच खाली ठेवली. “अण्णा, तुम्ही फरशा मोजता?”

“मग? त्याशिवाय कसा चालणार मी?” लहान मुलीला समजवावं तसे ते म्हणाले. “खाटेपासून सात फरशांवर ओटा. दाराला जायचं तर तिसरीवरून उजवीकडे पाच. बाथरूमला चौथीवरून डावीकडे तीन. तुझी फरशी फार चांगली आहे, कडा लागतात पायाला. मल्लेश्वरमच्या घरात लागत नव्हत्या, तिथे भिंत धरावी लागायची.”

 मिस्त्रीला घातलेल्या शिव्या आठवल्या. पाय उचलून टाका म्हणून केलेला आरडाओरडा आठवला. ते पुढे निघाले होते. चार. पाच. पाचवीवर त्यांचे गुडघे थरथरायला लागले. मी धावले आणि त्यांना कमरेला धरलं. केवढे हलके झाले होते! मला तेसुद्धा तेव्हाच कळलं. “अजून दोनच राहिल्या,” ते म्हणाले. पण पाय पुढे गेला नाही. मी त्यांना खाटेवर आणून बसवलं.

आणि मग माझा तोल सुटला. “पाच महिने! पाच महिने तोंडाला कुलूप का लावलंत? एक शब्द बोलायचा होता! दहा मिनिटांत निघतं ते, दहा मिनिटांत!”

ते शांतपणे ऐकून घेत होते. माझं ओरडून झाल्यावर म्हणाले, “तू इतक्या हौसेनं आणलंस. जावईबापूंनी गुडघे टेकून मांडलं. लेकीच्या घरी बसून हे नको, ते काढा, असं कसं म्हणू, बाळ?”

मी खाली फरशीवर बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. त्यांचा हात माझ्या केसांवरून फिरत होता. हे दारात उभे होते.  कार्पेटचे तुकडे वाळल्यावर त्यांनीच माळ्यावर टाकले.

त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ मी अण्णांना फरशीवरून चालवलं. आता मी मोठ्याने मोजायचे आणि ते माझ्या खांद्याला धरून सरकायचे. वाटलं होतं, गेलेलं बळ येईल. डॉक्टर म्हणाले, या वयात गेलेलं सगळं परत येत नाही. एकदाच ते सहावीपर्यंत गेले. हात लांब केला तर बोटं ओट्याला लागली. त्या दिवशी ते लहान मुलासारखे खूश होते. म्हणाले, “उद्या तुला कॉफी.” त्या रात्री ताप भरला, मग न्यूमोनिया झाला. दिवाळी उलटून गेल्यावर ते गेले. ती कॉफी काही झाली नाही.

तेरावं झाल्यावर मी खालची खोली आवरायला घेतली. टिकली शेगडीवर तशीच होती, ती मी काढली नाही. खाट एकीला द्यायची होती म्हणून गादी उचलली. पायथ्याच्या बाजूला, गादीखाली काहीतरी होतं. तो पातळ, राखाडी तुकडा. हरवलेला पाचवा नमुना. ज्याच्यापायी मी त्या दुकानदाराला वाटेल ते बोलले होते.

पहिल्यांदा मला हसूच आलं. म्हटलं, बघा, कापडवाल्याची खोड जात नाही, आवडलेला तुकडा ठेवून घेतला. मग मी तो उलटसुलट केला. मधोमध एक बारीक आडवी वळी उमटलेली होती, पुन्हा पुन्हा एकाच जागी दाबल्यासारखी. मी तो तशीच उभी राहून बघत होते.  मी चप्पल काढली. तुकडा फरशीवर ठेवला, खाटेपुढच्या पहिल्या सांध्यावर, वळी सांध्यावर येईल असा. डोळे मिटले आणि त्यावर पाऊल ठेवलं.

खालची कड अंगठ्याला स्पष्ट लागली.